पेटी वाजवता का?

सलाम. या खेपेला एकाच विषयाची, नवी मंडळी म्हणजे नवं चर्च सुरू करण्याची, चार पत्रं एकदम आली, म्हणून बाकीची टपालाची पिशवी पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहे. शब्बाथ शाळेच्या नाटकातल्या मेंढपाळांचे कपडे, सुनेचा मोबाइल, आणि बीडच्या एका भाऊंचं दशांशाचं, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचं, गणित, सगळं तेव्हा घेऊ. भाऊ, तुमचं गणित चुकलंय एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवते.

पत्र पहिलं

बाई, सलाम. मी उदगीर तालुक्यातली. आमचे हे एका शाळेत शिक्षक आहेत, मंडळीत सहा वर्षं वडील (एल्डर) म्हणून कारभार बघतात. नवी मंडळी सुरू करायला प्रभूने बोलावलंय असं त्यांना दोन वर्षांपासून वाटतंय. आमच्या संघटनेने नगरला तीन दिवसांचं असेसमेंट ठेवलंय. मंडळी रोपणासाठी कोण योग्य, याची पारख. नवराबायको दोघांनी यायचं, लेकरं आणली तरी चालतील. मलाही वेगळा फॉर्म आलाय, चौदा पानांचा. मी बारावीपर्यंत शिकलेले, घरी शिवणकाम करते, बायकांचा बचत गट चालवते. मला भाषण येत नाही, पेटी येत नाही. सासूबाई रुसल्यात, पण गाडीत बसून येणार म्हणतात. लेकरं ९ आणि ४ वर्षांची. तिथं मला काय विचारतील? माझ्यामुळं ह्यांना नकार आला तर? आणि खरं सांगू का, मला स्वतःला जायचंय की नाही हेच मला कळेना. ह्यांना मी अजून तसं बोलले नाही.
एक बहीण, उदगीर तालुका

अगं, तुझं पत्र वाचून मी उठले आणि कपाटातून १९९५ ची वही काढली. त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही याच कामासाठी लातूरहून नगरला गेलो होतो. आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा आणि सासूबाई. माझ्या भावाची जुनी जीप. तुझ्या घरातलं चित्र आणि माझं यात फरक एवढाच, की माझ्या सासूबाई रुसल्या नव्हत्या. त्यांना राग आला होता. निघताना मागच्या बाकावर बसता बसता म्हणाल्या, “देवणी गाय घेताना दात बघतेत, तसं तुमचे दात बघायलेत का तिथं?”

त्या हाळीच्या बाजाराजवळच्या गावातल्या, त्यामुळं हे त्यांना बरोबर माहीत. आणि पुढे तीन दिवसांत मला कळलं की म्हातारीचं म्हणणं फारसं चुकीचं नव्हतं.

आधी आमचं प्रकरण सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचे हे तेव्हा लातुरात गणित शिकवायचे. शाळेला सुट्टी, म्हणून मंडळीतल्या चार जणांबरोबर ते औसा-उमरग्याकडच्या गावांत जायला लागले. दूध, चादरी, रॉकेल. मदत देताना मंडळीचं नाव काढायचं नाही, बायबल पिशवीतच ठेवायचं, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम. तांदूळ आणि प्रार्थना एका पोत्यातून वाटायची नाहीत, असं ते म्हणायचे, आणि यावर आमच्याच लोकांशी त्यांचं वाजलंही होतं. पुढे मदत थांबली, पत्र्याच्या शेडमधली माणसं तशीच राहिली, आणि हे दर रविवारी नुसतेच जाऊन बसायला लागले. एकदा एका बाईने विचारलं, “सर, पुढच्या ऐतवारी येताल का?” तेच ह्यांचं पाचारण. त्यात आकाश उघडलं नाही की कबुतर उतरलं नाही.

मला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. प्रभूने नाही आणि ह्यांनीही नाही.

रस्ता तुला माहीतच असेल. लातूर, रेणापूर, अंबाजोगाई, केज, नेकनूर, मांजरसुंबा. तिथून पाटोदा, सौताडा, जामखेड, आष्टी, कडा आणि नगर. आता रस्ता बरा झालाय, तेव्हा अंबाजोगाईच्या पुढे हाडं खिळखिळी व्हायची. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा आणि फिरकीचा तांब्या बरोबर होता. दही केजपर्यंत आंबलं. मुलाला गाडी लागली. आणि पाटोदा मागे टाकल्यावर, सौताड्याच्या अलीकडे, भर दुपारी जीपच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटरचा पाइप फाटला होता.

आमचे हे एरवी शांत माणूस. मंडळीत त्यांच्या शांतपणाचं कौतुक व्हायचं. त्या दिवशी खाली उतरून ते माझ्यावर ओरडले, की निघताना पाणी तपासायला तुला सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं. मीही ओरडले. मुलगी एका बाभळीकडे तोंड करून उभी राहिली. सासूबाईंनी काही न बोलता लुगड्याच्या जुन्या धडप्याची पट्टी फाडली. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगर आला. त्याने आमच्याकडे बघितलं, आणि त्याच्या ओळखीच्या सायकलवाल्याकडून, दोन किलोमीटरवरून, जुन्या ट्यूबचा तुकडा आणून दिला. आधी ट्यूब ताणून गुंडाळायची, वर कापडाची पट्टी, वर सुतळी. गाठ मीच मारली, कारण ह्यांचे हात थरथरत होते. धनगराने कॅनभर पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि जाताना ह्यांना म्हणाला, “मास्तर, बाईवर वरडू नगा, गाडी जुनी हाय.”

रात्री दहाला आम्ही नगरला पोचलो. पाइप तिथपर्यंत टिकला.

आता तिथं काय होतं ते. प्रत्येक संघटनेची पद्धत थोडी वेगळी, पण मूळ एकाच घराण्यातलं. चार्ल्स रिडली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये नव्या मंडळ्या उभ्या करणाऱ्या लोकांचा अभ्यास करून १३ गुणांची यादी केली. पुढे ती जगभर वापरली गेली. स्वप्न बघता येणं, आपोआप कामाला लागणं, मंडळीत न येणाऱ्या लोकांशी जमवून घेणं, दुसऱ्याला काम देणं, पडल्यावर उठणं, असे ते गुण. आणि त्यात ‘जोडीदाराची साथ’ हा एक स्वतंत्र गुण आहे. म्हणून तुला वेगळा फॉर्म. तू ह्यांच्याबरोबर डबा घेऊन चाललेली नाहीस, तुझीही परीक्षा आहे. परीक्षा म्हणताना माझंही पोट दुखायचं, पण शब्द तोच बरोबर.

या पद्धतीचा गाभा असा, की पुढं काय करणार हे ते फार विचारत नाहीत, मागं काय केलं ते विचारतात. ‘मी तरुणांसाठी काम करीन’ हे ऐकून ते मान हलवतात आणि लिहून काहीच घेत नाहीत. ‘काहीच नव्हतं तिथं तुम्ही काय उभं केलं?’ हा त्यांचा आवडता प्रश्न. तेव्हा तुझा बचत गट बाहेर काढ. किती बायकांनी सुरू झाला, पहिल्या वर्षी किती सोडून गेल्या, कोणी हप्ता बुडवला तेव्हा तू काय केलंस, आता वही कोण लिहितं. वही दुसरी बाई लिहीत असेल तर ते आवर्जून सांग. ते ऐकून त्यांची पेनं हलतील बघ. भाषण न येणाऱ्या पण बारा बायका बांधून ठेवणाऱ्या बाईची किंमत त्या खोलीतल्या शहाण्या माणसांना कळते.

सगळेच शहाणे असतात असं नाही. आमच्या वेळी एका ज्येष्ठ गृहस्थांनी ह्यांना चाळीस मिनिटं प्रश्न विचारले, मग माझ्याकडे वळून एकच विचारलं, “आपण पेटी वाजवता का?” मी म्हटलं, नाही. त्यांनी कागदावर फुली मारली. रात्री दोन वाजता मला उत्तर सुचलं, की पेटी नाही वाजवत पण रेडिएटर बांधते. तुला असं कोणी विचारलं तर दोन वाजेपर्यंत थांबू नकोस.

बाकी वेळापत्रक असं असतं. दहा मिनिटांचा संदेश द्यायचा. चार-पाच जोडप्यांना एकत्र बसवून एखाद्या तालुक्याचा नकाशा देतात आणि इथं काम कसं सुरू कराल ते ठरवायला सांगतात. त्यात योजना कशी झाली यापेक्षा कोण दुसऱ्याचं बोलणं तोडतं, कोण गप्प बसलेल्याला विचारतं, हे कोपऱ्यात बसलेली माणसं टिपत असतात. जेवणाच्या टेबलावरही टिपतात. आमच्यातल्या एका भावाचा संदेश अतिशय सुंदर झाला होता, ऐकताना रडू आलं. पण तीन दिवसांत त्याने एकदाही स्वतःचं ताट उचललं नाही. त्याला पुढं नकार आला. ताटामुळे की कशामुळे, देव जाणे, पण मला ताट आठवतं.

दुसऱ्या दिवशी आमची जोडीची मुलाखत. मानसशास्त्र शिकलेल्या एक बाई होत्या, आवाज अगदी मऊ. त्यांनी ह्यांना विचारलं, “तुमचं शेवटचं भांडण कधी झालं?”

हे म्हणाले, “गेल्या महिन्यात असेल काहीतरी, किरकोळ.”

मी म्हटलं, “परवा दुपारी, सौताड्याच्या अलीकडे, रेडिएटरवरून.”

खोली हसली. हेही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. बाईंनी पुढं विचारलं, मिटलं कसं? आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो, कारण ते मिटलेलंच नव्हतं. गाडी सुरू झाली म्हणून आम्ही पुढे गेलो होतो, इतकंच. तेव्हा ह्यांनी त्या खोलीत, चार अनोळखी माणसांसमोर, माझी माफी मागितली. मला ते आवडलं की नाही ते अजून सांगता येत नाही.

पण खरा घाव त्याच दिवशी संध्याकाळी बसला. पैशांची बैठक होती. घरातली मिळकत, खर्च, देणं. ह्यांनी देण्याच्या रकान्यात १८,००० लिहिले. मी म्हटलं, चुकून लिहिलं. चुकून नव्हतं. एका मित्राला पतपेढीत जामीन राहिले होते, मित्र हप्ते भरत नव्हता, आणि वर्षभर हे पगारातून भरत होते. मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याचं कर्ज मला परक्या माणसाच्या कागदावर वाचायला मिळालं.

म्हणून तुला माझं सांगणं हे एकच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. निघण्याच्या आधीच्या शनिवारी लेकरं झोपल्यावर दोघं बसा. पासबुकं, सोनं, जामीन, शाळेची फी, सासूबाईंची औषधं, सगळं चटईवर मांडा. आणि तुझं ते वाक्य, जे तू मला लिहिलंस पण ह्यांना सांगितलं नाहीस, तेही त्याच चटईवर ठेव. ‘मला जायचंय की नाही ते कळेना.’ नगरच्या खोलीत ते बाहेर येणारच. ती मऊ आवाजाची बाई काढेल. त्या आधी ते तुझ्या घरात निघालेलं बरं.

फॉर्म तुझ्या अक्षरात भर. ह्यांना दाखवायचा असेल तर भरून झाल्यावर दाखव. ‘पतीच्या सेवेत पूर्ण साथ आहे’ असं कोणी सांगितलेलं वाक्य उतरवू नकोस, असली वाक्यं त्यांनी शेकड्यांनी वाचलेली असतात. आणि तुझ्यामुळे नकार यायची भीती. अगं, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून लगेच धावल्या नाहीत. पाच वर्षं लागली त्यांना, आणि आल्या त्या स्वतःच्या पायाने. टिळकांचं काम त्यामुळे अडलं का? तुझ्या ‘अजून नाही’ला एवढं घाबरू नकोस.

आम्हाला तीन आठवड्यांनी पत्र आलं. साधारण तीन तऱ्हेची उत्तरं असतात, हो, अटीवर हो, आणि आत्ता नको. आमचं मधलं. एक वर्ष एका अनुभवी पाळकांच्या हाताखाली काम करा, आणि कर्ज फेडा. दुसरी अट वाचून सासूबाई म्हणाल्या, “दात नीट बघितलेत म्हणायचं.” पुढं आम्ही गेलो. पहिल्या ठिकाणी चार वर्षांत सात कुटुंबं जमली, पण शेवटी दोनच उरली, ती शेजारच्या मंडळीत जोडून दिली. ते अपयशच, त्याला दुसरं नाव मी देत नाही. दुसरी मंडळी औसा तालुक्यात उभी राहिली, आता तिचा पाळक तिच्यातूनच आलाय आणि मला ओळखतही नाही. गेल्या नाताळात मागच्या बाकावर बसून आले.

पत्र दुसरं

मी नांदेडची, नववीत आहे. आईपप्पांचं असं असेसमेंट झालं. तिथं आम्हा मुलांना वेगळ्या खोलीत बसवून चित्रं काढायला दिली. आता पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या गावी जायचं म्हणतात. माझी दहावी. मी रडले तर आई म्हणते, प्रभूच्या कामात त्याग असतो. मी स्वार्थी आहे का?
(नाव छापू नका)

नाही गं बाळा.

माझ्या मुलीने सात वर्षांत तीन शाळा बदलल्या. तेव्हा ती काही बोलली नाही, आम्ही तिला शहाणी म्हणायचो. तीस वर्षांची झाल्यावर एकदा भांडी घासता घासता म्हणाली, “मला तुम्ही कोणी विचारलंच नाही.” मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. त्या सौताड्याच्या बाभळीकडे तोंड करून उभी राहिलेली पोर ती हीच, आणि मला ती दिसली होती.

हे पान आईसमोर ठेव. ताई, तुमच्यासाठी लिहिते. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो, लेकराचा आपण नाही करायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा होते. तुम्ही म्हणता ते जून आणि त्या पुढचा मार्च यांत नऊ महिन्यांचं अंतर आहे. पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला, इफिसात त्याहून जास्त, कामाला वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं. तुमचं नवं गाव नऊ महिने थांबेल. तोवर पप्पांनी शनिवार-रविवार जाऊन घर बघावं, माणसं ओळखावीत, पाण्याचा टँकर कोणत्या दिवशी येतो ते विचारून घ्यावं. संघटनेला तसं पत्र लिहा. लिहिल्यावर ते नाही म्हणाले, तर त्यांची पारख तुम्ही केलीत असं समजा.

पत्र तिसरं

मी जालना जिल्ह्यातल्या एका मंडळीचा खजिनदार. आमच्यातलं एक कुटुंब पारखेत पास झालं आणि परतूरकडे काम सुरू करतंय. आमच्यात दोन मतं. काही म्हणतात पाच वर्षं पूर्ण पगार द्या. काही म्हणतात बाहेरून निधी आणू, एक ओळखीचे परदेशी भाऊ तयार आहेत. योग्य काय?

खजिनदारसाहेब, परदेशी भाऊंचा विषय आधी संपवू. विदेशी देणगीसाठी एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला तो पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. भाऊंनी कोणाच्या तरी खासगी खात्यावर प्रेमाने पाठवले, तर अडकणार ते नवं कुटुंब. त्यांना प्रेमानेच नको म्हणा.

पाच वर्षं पूर्ण पगार यावर माझं मत कडू आहे. हा वाद आपल्या भागात नवा नाही. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले, नगरचं काम पाहून गेले. त्यांचं म्हणणं, मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, आणि स्वतः पुढे पसरावं. मिशनऱ्यांनी कायम खुर्चीत बसू नये, गावच्या माणसाला पाळक करावं. त्याच काळात नगरात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक पाळक झाले. अँडरसनसाहेबांनी इंग्रजी शाळांवर कात्री चालवली ते मला पटत नाही, शिक्षकाची बायको आहे मी. पण खर्चाचं त्यांचं बरोबर होतं. परक्या पगारावर उभी राहिलेली मंडळी पगार थांबला की बसते. आमची पहिली बसली, त्यात हेही एक कारण होतं. लोक ह्यांना ‘साहेबांचा माणूस’ समजायचे, आणि साहेबाच्या माणसाला कोणी पायलीभर ज्वारी कशाला देईल?

तुम्ही तर जालन्याचे. पाळक नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून तुमच्या उशाशी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तिथं नुसतं देऊळ बांधून थांबले नाहीत, पोट भरायची सोय आधी बघितली. तुमच्या नव्या कुटुंबातली बाई किंवा भाऊ काय कमवू शकतात ते आधी बघा. शिकवणी, शिलाई, पिठाची गिरणी, काहीही. मग पहिल्या वर्षी घरभाडं आणि निम्मा खर्च, दुसऱ्या वर्षी भाडं, तिसऱ्या वर्षी फक्त दवाखाना, असं उतरतं ठरवा आणि लेखी द्या. आकडा त्यांच्या बायकोसमोर सांगा. हे शेवटचं का लिहिलं ते पहिल्या पत्राचं उत्तर वाचलंत तर कळेल.

हंगामाच्या सणाला सोयाबीनचं पोतं लिलावात चढ्या भावाने घेणारे लोक तुमच्याकडे असतीलच. एक लिलाव परतूरच्या नावाने करा.

पत्र चौथं

मी ख्रिस्ती नाही, आमच्या सुनेमुळे हा अंक घरी येतो. परळीला माझ्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब भाड्याने आलंय. रविवारी पंधरा-वीस माणसं जमतात, टाळ-पेटीवर भजनं होतात. चाल आमच्यासारखीच, म्हणून आधी मला वाटलं वारकरी आहेत. गल्लीतले लोक काहीबाही बोलतात. मी काय करू?
एक घरमालक

काका, आधी खाली जाऊन एकदा चहा घ्या. ते कुटुंब तुमच्या इतकंच घाबरलेलं असणार, खात्री बाळगा. त्यांना सरळ विचारा, किती वेळ, किती माणसं, चपला कुठं काढणार, गाड्या कुठं लावणार. भाडेकरार राहण्यासाठीचा असेल तर दर आठवड्याच्या सभेचं त्यात लिहून घ्या, तो तुमचा हक्क. घरात प्रार्थना करणं हा घटनेने दिलेला त्यांचा हक्क. गल्लीतल्या लोकांना बोलावून एकदा समोरच ऐकू द्या, दारं उघडी ठेवून. आणि ते कुटुंब तुम्हाला पैसे, नोकरी, औषध असलं काही दाखवून भजनाला या म्हणालं, तर त्यांना बेधडक सांगा की अशानं चालणार नाही. मीही तेच सांगेन.

भजनाची चाल सारखी वाटली यात नवल नाही. टिळकांनी अभंगच लिहिले. आमच्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत म्हणायच्या की पेटीपेक्षा एकतारी बरी, तिला जागा कमी लागते.

उदगीरच्या बहिणी, एक राहिलं. मांजरसुंब्याला रबडी मिळते, लेकरं मागतील. जाताना देऊ नकोस, पुढं पाटोद्याकडे वळणं आहेत आणि तुझा धाकटा चार वर्षांचा आहे. येताना घे. आणि दिराला सांगून गाडीचे सगळे पाइप आधी बघून घे, एक जुनी ट्यूब डिकीत टाक.